साट्याची मुलगी

“आणि पूल बंद झाला म्हणजे? मग काय पोरीला टोपलीत घालून नदीत सोडणार आहे का ती तुझी पावलिना?”

गेर्गेयने एक बूट चुलीजवळ आणि दुसरा दाराजवळ भिरकावला. बोर्बाला शेवयांची कणीक लाटत होती. तिने मान वर केली नाही.

“पूल बंद होणार नाही. आणि झालाच तर नावा आहेत.”

“नावा! काल खाणावळीत रेडिओ लागला तेव्हा तू कानात कापूस घालून बसली होतीस का? व्हिएन्नात दोन परक्या मंत्र्यांनी नकाशावर रेघ ओढली. नाद्कूत रेघेच्या अलीकडे, हंगेरीत. लिपोव्का पलीकडे. परवापासून फौजा यायला लागतील, आणि आपली एकुलती एक मुलगी पलीकडे!”

“ऐकलंय मी. तुम्ही रस्त्यात उभं राहून एवढ्या मोठ्यानं गात होतात, की मेलेल्यांनीही ऐकलं असेल. काल त्यांचाच सण होता.”

“मग तार कर. आज कर. मुलगी आणा, मुलगी न्या. चार शब्द.”

“मी पहिली बोलणार नाही. पावलिना बोलली की बोलेन.”

“तिच्या तोंडाला कुणी कुलूप लावलंय का?”

“तिचा नवरा तिला आत्ता हेच विचारत असेल,” बोर्बाला म्हणाली आणि कणकेवर पीठ भुरभुरलं.

खिडकीपाशी तिची थोरली नणंद ओटिलिया झेंडा शिवत बसली होती. पांढरा पट्टा चादरीचा, लाल गादीच्या अभ्र्याचा, हिरवा तिच्या स्वतःच्या पडद्याचा. दातांनी दोरा तोडून ती म्हणाली, “जपा, दोघी एकमेकींचा मान जपा. तोवर पोरी दोन देशांत म्हाताऱ्या होतील.”

झेंड्याचं दुसरं टोक बारा वर्षांच्या झोफ्काच्या मांडीवर होतं. ती बुटक्या स्टुलावर बसून काठ दुमडत होती. तिचे टाके इतके बारीक आणि सारखे होते, की ओटिलियाने सकाळपासून तीनदा कापड उलटून पाहिलं होतं. झोफ्का स्लोवाक. लिपोव्काच्या पावलिनाची मुलगी. दोन महिन्यांत तिला या घरातलं हंगेरियन बोलणं बरंच कळायला लागलं होतं. भांडणातलं तर सगळंच.

त्या भागात मुलांचं साटंलोटं नवं नव्हतं. सपाटीवरच्या हंगेरियन घराने आपलं मूल सप्टेंबरात डोंगराकडच्या स्लोवाक घराला द्यायचं, त्यांचं मूल आपल्याकडे आणायचं, आणि सेंट जॉनच्या दिवशी, जून संपता संपता, ज्याचं त्याला परत. बाजारात, कचेरीत, गुरांच्या जत्रेत दुसऱ्याची भाषा आली नाही तर माणूस फसतो. आणि भाषा शिकायला पुस्तकापेक्षा दुसऱ्याचं स्वयंपाकघर बरं, असं सगळ्यांनाच वाटायचं. नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडलेले कुणी पाहिले नव्हते. आपल्या मुलाच्या ताटात जे, तेच त्याच्या ताटात. आपल्याला जी छडी, तीच त्याला. वर्षात भेटायला जायचं नाही. वाईट बातमी कळवायची नाही, कारण मूल रडेल आणि रडणारं मूल काही शिकत नाही. सगळ्यांत मोठा नियम शेवटचा: मुदतीआधी मूल मागायचं नाही. जो पहिल्यांदा मागेल, तो समोरच्याला सांगतो, की तुझं घर माझ्या लेकराला पुरं पडलं नाही.

बोर्बाला स्वतः अकराव्या वर्षी गेली होती. साल एकोणीसशे तीन. तेव्हा सगळा मुलूख एकाच बादशहाचा, त्यामुळे डोंगराकडे जायचं म्हणजे फक्त दीड दिवस गाडीत बसायचं. वाग नदीच्या पुलापाशी खाणावळ होती, तिथे दोन्ही घरांच्या गाड्या थांबल्या. दोन्ही आयांनी एकमेकींना एकेक पाव दिला, मुली अदलाबदल केल्या, आणि मागे न बघता गाड्या वळवल्या. समोरच्या गाडीत चढणारी मुलगी बोर्बालाने तेवढीच क्षणभर पाहिली. पिवळ्या वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं. ती पावलिना.

म्हणजे गंमत अशी, की दोघी ज्या वर्षामुळे बहिणी झाल्या, त्या वर्षात एकमेकींना भेटल्याच नाहीत. बोर्बाला पावलिनाच्या गादीवर झोपली, तिच्या आईकडून वेणी घालून घेतली, तिच्या भावांशी भांडली. पावलिनाने तिकडे नाद्कूतमध्ये बोर्बालाची बदकं राखली. पुढे आयुष्यभर जत्रेत भेटल्या, की त्या एकमेकींना स्वतःच्याच घरच्या गोष्टी विचारायच्या. “तुझी आई खसखशीच्या शेवयांत लिंबाची साल किसायची, ती अजून किसते का?” पावलिना विचारायची. आणि बोर्बाला विचारायची, की तुमच्या माळ्याची ती तिसरी पायरी अजून करकरते का.

लिपोव्काचा हिवाळा बोर्बालाच्या अंगात राहून गेला होता. पहाटे खिडकीच्या काचेवर बर्फाची पानं उमटायची, आणि पावलिनाची आई, जिला ती मावशी म्हणायची, जिभेने एक पान विरघळवून बाहेर किती बर्फ पडलंय ते पाहायची. बटाट्याचे लहान लहान गोळे उकळत्या पाण्यातून काढून मेंढीच्या चीजमध्ये घोळवायचे, वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. सगळ्यांना एकाच मोठ्या थाळ्यातून. पहिला महिना बोर्बालाला फक्त ‘दे’ आणि ‘नको’ येत होतं. नाताळपर्यंत ती स्वप्नात स्लोवाक बोलायला लागली, असं मावशीने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं.

फेब्रुवारीत एक आठवडा मात्र चमत्कारिक गेला. चरबीचे सगळ्यांत चांगले तुकडे रोज तिच्याच बाजूला यायला लागले. मुलांपैकी कुणी कुरकुर केली, की मावशी त्याला धपाटा घालायची. रविवारी चर्चमध्ये मावशीने एक जास्तीची मेणबत्ती लावली, कुणासाठी ते सांगितलं नाही. बोर्बालाला वाटलं, आपण शहाण्यासारखं वागतो म्हणून हे लाड. जूनमध्ये घरी आली तेव्हा कळलं. ती गेल्यावर तिला भाऊ झाला होता, त्याचं नाव लाझलो ठेवलं होतं, आणि तो फेब्रुवारीत गेला. तिने त्याला पाहिलंच नाही. त्याच्या पेटीमागे बहिणीच्या जागी मेणबत्ती धरून पावलिना चालली होती. कितीतरी वर्षांनी एका जत्रेत चिटाचे तागे बघता बघता पावलिना म्हणाली, “त्याची हनुवटी तुझ्यासारखी होती.” दोघींनी मग काहीच न घेता दुकान सोडलं.

ही गोष्ट बोर्बाला नेहमी प्रेमाने सांगायची. बघा, कशी माणसं होती, कसा शब्द पाळायची. तेव्हाची माणसंच वेगळी.

मग लढाई झाली, बादशहा गेला, आणि वीस साली सपाटी आणि डोंगर दोन्ही चेकोस्लोव्हाकियात गेले. नाद्कूतमध्ये नवे शिपाई, नवे शिक्के, नवी भाषा. गावातल्या शहाण्यासुरत्या पुरुषांची दातखीळ बसली. आणि मग सगळ्यांना आठवलं, की गेर्गेयच्या बायकोला ती भाषा येते. जवळजवळ वीस वर्षं बोर्बाला गावची जीभ होती. कुणाची गाय कोंडवाड्यात गेली, बोलवा बोरीला. शिपाई दारूच्या भट्टीचा वास घेत आला, बोलवा बोरीला. ती हात पुसत जायची, शिपायाला त्याच्या आईच्या गावाचं नाव विचारायची, आणि पाच मिनिटांत शिपाई टोपी काढून बसायचा. तिला ते आवडायचं. का नाही आवडणार?

एक गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नव्हती. तिला स्लोवाक वाचता येत नव्हतं. त्या काळी लिपोव्काच्या शाळेतही मास्तर हंगेरियनच शिकवायचा. स्लोवाक ती कानाने शिकली होती, चुलीपाशी. पावलिनाची पत्रं यायची, ती आधी शेजारचा पोस्टमन वाचून दाखवायचा आणि नंतर विल्मा शाळेत जायला लागल्यावर विल्मा. पावलिनाला हे माहीत नव्हतं. तिच्या लेखी बोरी म्हणजे गावाची दुभाषी, तिला काय येत नसेल?

लग्नानंतर सहा वर्षांनी झालेली विल्मा बारा वर्षांची झाली तेव्हा दोघींनी जत्रेतच ठरवलं. या सप्टेंबरात पुलापाशी गाड्या थांबल्या, पाव दिले-घेतले, मुली उतरल्या-चढल्या. पावलिना जरा बारीक झालेली दिसली. बोर्बालाने विचारलं, तर म्हणाली, “कापणीनं वाळले.” तीन आठवड्यांनी सगळ्या देशात सैन्याची भरती पुकारली गेली, मग माघारी बोलावली गेली, मग म्युनिकचा करार, मग वाटाघाटी. रोज नकाशा. दोन्ही घरांतून कुणी अवाक्षर काढलं नाही.

“माझं ऐक,” गेर्गेय आता आवाज उतरवून म्हणाला. भांडणात तो आधी गरजायचा आणि मग गूळ लावायचा. “शनिवारी नाहीतर रविवारी आपली फौज गावात येईल. कमान उभारायची आहे, फांद्या आणायला कमिटीनं आपली गाडी आणि दोन्ही घोडे मागितलेत. मी हो म्हटलंय. पांढऱ्या झग्यातल्या मुली फुलं देणार. विल्मा त्यात नको का? वीस वर्षं वाट पाहिली आपण, बोरी.”

“तुम्ही पाहिलीत. मला कामं होती.”

“आता कामं कमी होतील तुला,” ओटिलिया म्हणाली. “शिपाई सगळे आपल्याच भाषेत ओरडतील. तुझी ती भाषा आता बरणीत भरून ठेव हिवाळ्यासाठी.”

“वन्सं, तुम्ही त्या हिरव्या पट्टीकडे बघा. पडद्याची फुलं उलटी लागलीत.”

ओटिलियाने घाईघाईने पाहिलं. खरंच उलटी होती.

तेवढ्यात दार वाजलं. अंडी विकत घेत गावोगाव फिरणारा माणूस होता. पोस्टाचा भरवसा राहिला नव्हता म्हणून लोक त्याच्या हाती पत्रं देत. त्याने लिपोव्काचं पत्र दिलं, एक पेला दारू घेतली, आणि पुलावर अजून गाड्या जाताहेत, पण शिपाई खाली उतरवून पोती टोचून बघताहेत, एवढं सांगून तो गेला.

पत्रावरचं अक्षर विल्माचं होतं. बोर्बालाने ते छातीशी धरलं आणि मग झोफ्कापुढे केलं. “वाच, बाळ. माझा चष्मा सापडत नाही.” चष्मा तिच्या एप्रनच्या खिशात होता.

झोफ्का उभी राहून वाचू लागली. मजकूर तिच्या आईचा, तिने सांगितलेला. लिहिलेला विल्माने, स्लोवाकमध्ये. झोफ्का एक वाक्य वाचायची आणि बोर्बाला ते गेर्गेयसाठी हंगेरियनमध्ये सांगायची. कोबी चिरून झाला, दोन पिंपं भरली. नवरा ओंद्रेय सैन्यातून सुखरूप परत आला. विल्मा पोटभर जेवते, नाच शिकली, तिच्या लहान खोलीत नवी शेगडी बसवली आहे म्हणजे हिवाळ्यात गारठा लागणार नाही. डोंगरावर पहिलं बर्फ पडलं.

“शेगडी बसवली!” गेर्गेय म्हणाला. “बघ, त्यांनी तर मुक्कामच ठोकला तिचा.”

झोफ्का थांबली होती. बोर्बालाने पाहिलं, की मुलीचे डोळे कागदावर एकदा उजवीकडे गेले, परत डावीकडे आले, पुन्हा उजवीकडे गेले.

“पुढे?”

“सर्वांना नमस्कार,” झोफ्का म्हणाली. “सेंट जॉनला पुलापाशी भेटू.” तिने पत्राची घडी केली, टेबलावर ठेवली, आणि बदकांना भरवायची वेळ झाली असं म्हणून शाल घेऊन बाहेर गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बोर्बालाने हात धुतले, चष्मा काढला आणि पत्र घेऊन खिडकीशी गेली.

“सापडला वाटतं चष्मा,” ओटिलिया म्हणाली. बोर्बाला शेवटच्या ओळींवर बोट ठेवून एकेक अक्षर ओठांनी जुळवू लागली. अक्षरं तीच, रोमनच, आवाज वेगळे. लहान मूल वाचतं तसं ती वाचत होती, शब्द पूर्ण झाला की कानाला तो ओळखीचा वाटायचा. बराच वेळ लागला. शेवयांची कणीक पाटावर वाळली.

लिहिलं होतं: ‘बोरी, झोफ्काला कळू देऊ नकोस. मी तीन आठवडे अंथरुणात आहे. छातीत पाणी झालंय. डॉक्टर नाताळच्या पुढचं बोलत नाही. विल्मा माझं सगळं करते, तुझी मुलगी आहे हो. तू ठरल्याबाहेर काही करू नकोस.’

बोर्बाला पुन्हा पहिल्यापासून वाचायला गेली, पण अक्षरं हलायला लागली. पावलिनाने सगळा विचार केला होता. अंडीवाला कधी जाणार, काय लपवायचं, कुणापासून लपवायचं. फक्त पत्र कोण वाचणार, तेवढं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. येणार कसं? बोरी वाचते अशीच तिची समजूत. आणि ही समजूत बोर्बालाने पस्तीस वर्षं मोठ्या दिमाखात जपली होती. विल्माला मात्र माहीत होतं. आईला हे वाचता येत नाही आणि वाचायला झोफ्काच बसणार, हे त्या घरात फक्त विल्माला माहीत होतं. तरी तिने सांगितलं तसं सगळं लिहिलं. विसरून की मुद्दाम, ते तिलाच विचारायला हवं होतं.

अंगणात झोफ्का बदक दोन गुडघ्यांत दाबून बसली होती. एका हाताने चोच उघडी धरून दुसऱ्याने भिजवलेला मका आत सोडत होती आणि मग मानेवरून बोटं फिरवून दाणे खाली उतरवत होती. हे इथेच शिकली होती ती. तिच्याकडे बदकं नव्हती.

“तू एक भाग गाळलास,” बोर्बाला स्लोवाकमध्ये म्हणाली.

झोफ्काने बदकाची मान सोडली नाही. “तो माझ्यासाठी नव्हता, मावशी.”

“घरी जायचं नाही का तुला?”

“मध्येच जायचं नसतं.” तिने आणखी एक मूठ घेतली. “मी गेले तर विल्माला यावं लागेल. मग लोक म्हणतील, आमच्या घरी तिला नीट ठेवलं नाही. शेगडी बसवूनसुद्धा.”

“हे कुणी शिकवलं तुला?”

“आईनं. तिला तुमच्या आईनं शिकवलं, इथे असताना. त्या बाळाच्या वेळी.” झोफ्काने नाक बाहीला पुसलं. “आईला तेव्हा घरी जायचं होतं. तिला प्रेताची भीती वाटायची. तुमची आई म्हणाली, तू गेलीस तर माझी बोरी यायला लागेल, आणि तिला हे बघायला लागेल. म्हणून आई राहिली.”

बोर्बालाला हे माहीत नव्हतं. मेणबत्ती माहीत होती, हनुवटी माहीत होती. अकरा वर्षांची एक परकी मुलगी घाबरून घरी जायचं म्हणत होती आणि तिला बसवून ठेवलं, हे इतक्या जत्रांमध्ये पावलिना एकदाही बोलली नव्हती. बोर्बाला अंगणात उभी राहिली. पायाशी बदकं चोची उघडून ओरडत होती. इतकी वर्षं प्रेमाने सांगितलेल्या गोष्टीत पावलिनासुद्धा लहानच होती, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

“सोड ते बदक,” ती म्हणाली. “गळ्याशी आलंय त्याच्या. हात धू आणि तुझे लोकरी मोजे कुठे आहेत ते बघ.”

स्वयंपाकघरात गेर्गेय घोड्यांच्या लगामांना कमानीसाठी फिती बांधत होता. तीन रंगांच्या, ओटिलियाच्या उरलेल्या चिंध्यांच्या. त्याने वर पाहिलं. बायकोचा चेहरा पाहून त्याच्या हातातली फीत तशीच राहिली.

“काय झालं? काय लिहिलंय?”

“पावलिना मरायला टेकलीय. तिनं लिहिलंय, काही करू नकोस.”

“अरे देवा,” गेर्गेय म्हणाला. ओटिलियाने सुई कापडात टोचून ठेवली आणि छातीवर क्रॉस केला. गेर्गेय चाचरत म्हणाला, “मग तार करूया. ते पोरीला पुलापर्यंत आणतील, आपण आपलीला...”

“पावलिनाला एकटीला टाकून कोण आणेल? तिचं औषधपाणी करणारी विल्माच आहे.”

“पण शनिवारी फौज... गाडी कमिटीला... मी शब्द दिलाय, बोरी. आणि तू पहिली गेलीस, तर तुमच्या त्या नियमाप्रमाणे तिच्या घराला बट्टा नाही का लागणार? सकाळपासून तूच सांगतेयस.”

“लागेल. मी तिला सांगेन, की नियम मी मोडला.”

बोर्बालाने वाळलेली कणीक गोळा करून डुकरांच्या बादलीत टाकली, पाट पुसला आणि भिंतीला उभा केला. झोफ्का मोजे घेऊन दारात येऊन उभी होती.

“गाडी आणि घोडे कमानीला जाणार नाहीत,” बोर्बाला म्हणाली. “उद्या उजाडलं की मी झोफ्काला घेऊन निघतेय. पुलापर्यंत नाही, तिच्या घरापर्यंत. विल्माला यायचं असेल तर घेऊन येईन. नसेल यायचं, तर पावलिना आहे तोवर आम्ही दोघी तिथेच राहू. बदकांना सकाळ-संध्याकाळ वन्संनी भरवायचं.”